आजीबाईला औषध घातल्याबाबत

माझे नाव हवालदारांनी वरच्या रकान्यात लिहून घेतले आहे. वय एकाहत्तर. शिक्षण पाचवी, तीही अर्धी. धंदा पूर्वी सायकल दुरुस्तीचा, सध्या खालच्या आळीतल्या सामाईक गॅसच्या टाकीची देखभाल. राहणार त्याच आळीत, टाकीला लागून असलेले शेवटचे घर. आळीत मला टाकीवाले आबा म्हणतात. मी आज दुपारी ठाण्यात आपल्या पायाने आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही व शिकवलेले नाही. मी समक्ष सांगतो ते असे.

घरात मी आणि माझी सून असे दोघेच असतो. माझी पत्नी हयात नाही. मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून एखाद वेळी घरी येतो. सून घरकाम करते व दुपारी दवाखान्यात झाडलोटीला जाते. आज सकाळी आपल्या गाडीतून जिला आणले व जी आता बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली आहे, तीच माझी सून.

टाकीबद्दल आधी सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढचे कोणाला कळणार नाही. सकाळी कळले नाही म्हणूनच हे सगळे झाले. आमच्या परसाच्या मागे जमिनीत विहिरीसारखी गोल टाकी बांधलेली आहे. तिच्यावर मोठे लोखंडी पिंप उपडे घातलेले आहे. एका बाजूला कुंडी आहे. आळीतल्या नऊ घरांचा ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, साली, खरकटे, आणि गोठ्यातले शेण मी कुंडीत पाण्याने कालवतो व आत सोडतो. आत ते आंबते, गॅस धरतो, आणि पिंप वर उचलले जाते. घरोघरी शेगड्या पेटल्या की ते हळूहळू खाली बसते. दुसऱ्या बाजूने मळी बाहेर येते. ती वाळली की शेतकरी खत म्हणून नेतात. त्या खतावर वांगी कशी धरतात ते साहेबांनी एकदा येऊन बघावे. पूर्वी आळीच्या तोंडाशी उकिरडा होता, पाहुणे नाक धरून यायचे. आता तिथे बसायला कट्टा केला आहे.

या टाकीला आळीत कोणी टाकी म्हणत नाही. टाकी म्हणजे पाण्याची. हिला आजीबाई म्हणतात. हिला दात नाहीत, सगळे मऊ करून द्यावे लागते. जेवली की पोट फुगते, ढेकर देते, आणि न सोसणारे काही पोटात गेले की दिवसभर कुरकुर करते. म्हणून आजीबाई. कचऱ्याच्या बादलीला आजीबाईचा घास म्हणतात. सकाळी बायका मला विचारतात, ‘आबा, आजीबाई उठल्या का?’ म्हणजे पिंप वर आले का. हे नाव कोणी ठेवले असे हवालदारांनी विचारले. मीच ठेवले.

साबण, फिनेल, जंतू मारायचे कोणतेही औषध आत गेले की गॅस करणारे जंतूही मरतात. तशी पाटी मी स्वतः रंगवून कुंडीवर लावली आहे. तिच्यातला ‘औषध’ हा शब्द चुकलेला आहे असे शाळेतल्या बाई म्हणतात. पण चुकला तरी वाचता येतो.

गेले काही दिवस आजीबाई नीट उठत नव्हत्या. शेगड्यांची ज्योत पिवळी पडू लागली होती. मला रात्री धड झोप नाही, अन्न गोड लागत नाही, असे झाले. मी घरोघरी जाऊन बादल्या हुंगल्या. पिठाच्या गिरणीवाल्या बाईंना मी चारचौघांत म्हणालो की, तुझ्या घासात साबणाचे पाणी असते. त्या म्हणाल्या, ‘आबा, लोकांच्या बादल्यांत नाक घालण्यापेक्षा आपल्या घरात एकदा घाला.’ त्या रागाने बोलल्या असतील. त्यांना यातले काही माहीत होते असे माझे म्हणणे नाही. साबणाच्या आरोपाबद्दल त्यांची माफी मागायची राहिलेली आहे. त्या बाहेर उभ्या आहेत.

काल सकाळी माझी सुनेशी बोलाचाली झाली. ती म्हणाली, ‘आबा, त्या आजीबाईचं अंग गार लागलं तर तुम्ही तीन तीनदा उठून हात लावून बघता. मी आठवडाभर खोकतेय, विचारलंत का कधी?’ मी म्हणालो, ‘तू खोकलीस म्हणून नऊ घरांच्या शेगड्या विझत नाहीत.’ ती म्हणाली, ‘बरोबर आहे. मी काय, मी बिनगॅसची.’ आणि हसली. मी हसलो नाही. हे वाक्य मी खरेच बोललो का, असे हवालदारांनी पुन्हा विचारले. बोललो.

आज उजाडल्यावर मी परसात गेलो तेव्हा पिंप पार तळाला बसलेले होते. वर उभे राहून पाय आपटला तरी हलेना. आंबल्याचा नेहमीचा वास नव्हता, नाकात झोंबणारा वास होता. कुंडीच्या कडेला पांढऱ्या औषधाची रिकामी बाटली पडलेली होती, दवाखान्यात फरशी पुसायला वापरतात तसली. पहाटे सून बादली घेऊन परसात जाताना मी खिडकीतून पाहिली होती. मी मनात जुळवले की कालच्या बोलण्याचा राग तिने आजीबाईवर काढला. मी तिला विचारायला पाहिजे होते. ती आत भांडी घासत होती, चार हातांवर होती. मी विचारले नाही. मी पोलिसांना फोन केला.

मला पोलिसांना फोन करायची सवय आहे हे ठाण्यात सर्वांना माहीत आहे. उघडे गटार, रस्त्यातला दगड, भटकी कुत्री याबद्दल मी पूर्वी फोन केलेले आहेत. मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, आणि फोन मी सवयीने डाव्याच कानाला लावतो. बोलणे झाले ते असे.

पलीकडून बाई म्हणाल्या, ‘बोला, काय झालंय?’

मी म्हणालो, ‘आमची आजीबाई गेली हो.’

‘गेली म्हणजे? हरवली का?’

‘मेली. मारली तिला. माझ्या सुनेनं औषध घातलं.’

‘कशातून घातलं?’

‘पहाटेच्या घासातून. बाटली सापडलीय मला. पोट खपाटीला गेलंय, वासही बदललाय.’

‘वय काय आजीबाईंचं?’

मी म्हणालो, ‘नऊ वर्षं झाली.’ त्या म्हणाल्या, ‘नव्वद ना?’ मला नऊच ऐकू आले. मी हो म्हणालो.

त्या म्हणाल्या, ‘कोणालाही हात लावू देऊ नका. गाडी पाठवतो.’ मला बरे वाटले. एका गॅसच्या टाकीची सरकार एवढी काळजी घेते, असे मी गिरणीवाल्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोललोसुद्धा.

गाडी इतक्या लवकर येईल असे मला वाटले नव्हते. कुत्र्यांच्या वेळी आलीच नव्हती. गाडीतून एक महिला पोलीस व दोन शिपाई उतरले. मी ओट्यावर होतो. सून भांड्यांचे हात पुसत दारात आली. आळीतली माणसे जमली. महिला पोलिसांनी तिला विचारले, ‘आजीबाईला औषध तू घातलंस?’

सून आधी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आबा, पोलिसांत गेलात तुम्ही?’ मग त्यांना म्हणाली, ‘हो. माझ्याकडूनच गेलं. पहाटे.’

‘सगळी बाटली?’

‘बादलीत होतं. बादली ओतली.’

‘माणूस मरेल हे कळलं नाही तुला?’

ती म्हणाली, ‘माणूस कुठं, आजीबाई.’ त्यावर महिला पोलीस फार चिडल्या. ‘म्हातारी झाली म्हणजे माणूस नव्हे का?’ असे त्या म्हणाल्या. त्या वेळी मला उमगले की यांचा घोटाळा झालेला आहे व तो माझ्या फोनमुळे झालेला आहे. मी तोंड उघडले होते. तेवढ्यात त्यांनी सुनेला विचारले, ‘काय होतं त्या बादलीत? का ओतलंस? कारण सांग.’

सुनेने माझ्याकडे पाहिले. मग मोरीच्या दाराकडे पाहिले. मग खाली पाहिले आणि म्हणाली, ‘सांडपाणी होतं.’

‘कसलं सांडपाणी?’

तिने पुसलेले हात पुन्हा पुसले. ते कसले होते हे मला त्याच वेळी कळले. दुसऱ्या कोणाला कळणे शक्य नव्हते.

मी तोंड मिटले. साहेब, ही टाकी आहे, एवढे चार शब्द मला बोलता आले असते. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न तोच आला असता, की मग बादलीत काय होते. आणि आळी सगळी समोर उभी होती. महिला पोलीस तिला हाताला धरून घेऊन गेल्या. तिने चपला घालू का असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘चल आधी.’ ती अनवाणी गाडीत बसली. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, दोनदा बंद पडली. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.

गाडी गेल्यावर मागे राहिलेले एक शिपाई वही काढून म्हणाले, ‘आता मयत दाखवा.’ मी त्यांना परसात नेले व पिंप दाखवले. ते पिंपाभोवती फिरून आले आणि म्हणाले, ‘म्हातारी कुठंय?’ मी पुन्हा पिंपाकडे बोट केले. तेव्हा आळीत जे हसू उठले ते अजून माझ्या कानात आहे. शिपाई म्हणाले, ‘अहो आबा, हिचा पंचनामा करू की हिला हिंगाचं पाणी पाजू?’ लोक भिंतीला धरून हसले. कोणी म्हणाले, आजीबाईंना खांदा द्यायला क्रेन बोलवा. मीही हसलो. मला हे लिहून द्यायचे नव्हते. मी हवालदारांना म्हणालो, एवढे गाळा. ते म्हणाले, ‘आबा, तुम्ही सांगितलंत ते मी लिहितो. नको असेल तर सांगू नका.’ मग लिहा म्हणालो. सून गाडीत होती आणि मी आळीबरोबर हसलो.

शिपायांनी ठाण्यात फोन करून खुलासा केला. तेवढ्यावर सुनेला सोडून दिले असते. परंतु हसून झाल्यावर लोकांना आपापल्या शेगड्या आठवल्या. कोणाचे दूध तसेच राहिले होते, कोणाच्या घरी आजारी माणूस होते. गिरणीवाल्या बाई म्हणाल्या, ‘पाटी वाचता येते ना तिला? मग मुद्दाम केलं. सासऱ्याचा राग आमच्या पोटावर काढला.’ त्या व आणखी चौघे इथे आले व सामाईक मालमत्तेचे मुद्दाम नुकसान केल्याची तक्रार त्यांनी दिली. ठाणे अंमलदार बाईंनी सुनेला कारण विचारले. तिने एवढेच सांगितले की, ‘चूक माझी आहे, लिहून घ्या. कारण नाही.’ कारण नाही म्हटल्यावर ते मुद्दामच ठरते, असे अंमलदार बाई मला म्हणाल्या. गुन्हा नोंदवला तर दवाखान्यातले तिचे काम जाईल. ती भावाला फोन करून म्हणाली आहे की, मला इथूनच घेऊन जा, त्या घरात नको. हे मी स्वतः ऐकलेले नाही, बाकाशेजारच्या चहावाल्याने सांगितले.

मी घरी होतो. उशिरा येण्याचे कारण हवालदारांनी विचारले. मोरीत गेलो होतो. तिथे माझे अंथरूण औषधाच्या पाण्यात भिजत घातलेले होते, अर्धे धुतलेले. ते मी धुतले. मला पिळता आले नाही नीट. ती नेहमी ते मागच्या बाजूला, वर दुसरे कपडे टाकून झाकून वाळत घालते. मी ते आज पुढच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला घातले व दाराला कडी लावून इथे आलो. येताना तिच्या चपला आणल्या. त्या तिच्या पायांशी ठेवल्या आहेत. तिने अजून घातलेल्या नाहीत. ती मला म्हणाली, ‘आबा, तुम्ही घरी जा. इथं काही बोलू नका. माझं मी बघते.’

आता विचारल्यावरून कारण सांगतो. गेल्या काही महिन्यांपासून मला झोपेत लघवी आवरत नाही. अंथरूण ओले होते. रोज होते. मी हे कोणालाही सांगितलेले नाही, डॉक्टरांनाही नाही. सुनेलाही मी सांगितले नाही व तिनेही मला कधी विचारले नाही. सकाळी मी तोंड धुऊन येतो तोवर कोरडे अंथरूण घातलेले असते व उशी जिथल्या तिथे असते. ती म्हणते, ‘आज हवा गार आहे.’ मी म्हणतो, ‘हो, गार आहे.’ या विषयावर आमचे बोलणे एवढेच. एकदा मुलगा घरी आला तेव्हा माझ्या खोलीत शिरताच म्हणाला, ‘कसला वास येतोय गं?’ ती म्हणाली, ‘मागच्या आजीबाईचा, दुसरा कसला? आज वारा इकडचा आहे.’ त्या दिवशी वारा नव्हता. तो गेल्यानंतर तिने ते पांढरे औषध आणले.

अंथरूण धुतलेले पाणी ती गटारात का ओतत नव्हती, असे अंमलदार बाईंनी मधेच येऊन विचारले. आमचे गटार उघडे आहे व ते सगळ्यांच्या दारांवरून जाते. ते पाणी दारोदार माझी बातमी देत गेले असते. आजीबाईच्या कुंडीपाशी मुळात वास असतोच. तिथे वासात वास लपतो. आळीत तेवढी एकच जागा तशी आहे. शिवाय गुरांचे मूत्र आजीबाईला मानवते, बादलीभर आणून घाला, असे मीच घरोघर सांगत आलेलो आहे. ते तिने ऐकलेले होते. पाण्यातल्या औषधाचा विचार तिने केला नसेल, किंवा केला असेल व दुसरा इलाज सुचला नसेल. मी तिला विचारलेले नाही. पण राग म्हणून तिने केले नाही, हे मी शपथेवर सांगतो. माझी अब्रू झाकण्यासाठी केले. आणि मी तिच्यावर विष घातल्याचा फोन केला.

हे मला सकाळी ओट्यावरच कळले होते व मी ते दुपारपर्यंत सांगितले नाही. मधल्या वेळात ती या बाकावर बसलेली होती आणि येणारा जाणारा, हीच का ती, असे विचारत होता.

टाकीच्या नुकसानीबाबत सांगतो की, मेली हा शब्द मी चुकीचा वापरला. आतले निम्मे काढून टाकून ताजे शेण आणि दुसऱ्या चालू टाकीची मळी विरजणासारखी घातली तर ती पुन्हा धरते. वेळ लागतो. वरच्या आळीच्या टाकीवाल्याशी मी बोललो आहे, तो मळी द्यायला तयार आहे. उपसायचे काम मी करीन. कोणी मदतीला आले तर बरे, नाही आले तरी माझे काही म्हणणे नाही. तोवर नऊ घरांची जी गैरसोय होईल तिला मी जबाबदार आहे, सून नाही. माझी तिच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. सकाळची तोंडी तक्रार खोटी होती. ती मी ऐकण्याच्या चुकीने वाढवली व भीतीने चालू ठेवली.

इथवर लिहून झाल्यावर हवालदारांनी दार लोटून मला मजकूर हळू आवाजात वाचून दाखवायला घेतला. मला ऐकू येत नाही, दार उघडा व मोठ्याने वाचा, असे मी सांगितले. उजव्या कानाने मला ऐकू येत होते. दार उघडल्यावर त्यांनी सुरुवातीपासून मोठ्याने वाचला. गिरणीवाल्या बाई व आळीतली माणसे दारात उभी होती. अंथरुणाचा भाग आला तेव्हा हवालदार थांबले. मी म्हणालो, वाचा. त्यांनी वाचले.

तेव्हा सून बाकावरून उठून दारापर्यंत आली व म्हणाली, ‘साहेब, रोज नाही हो होत. कधीतरी होतं. तेवढं कधीतरी करा.’

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की, तिचे ऐकू नये. रोज होते. ती मला सांभाळून घेते आहे, तसे ती नेहमीच घेते. रोज हा शब्द तसाच ठेवावा. बाकीचा मजकूरही मी बोललो तसाच उतरलेला आहे, त्यात कुठे खाडाखोड नाही, आणि त्याखाली मी सही करतो.